बी विंगची पार्किंग अन् गाडीचा एसी

नाना (ए-००२): सचिव साहेब, पाऊण तास झाला, बी विंगच्या पार्किंगात गाडी चालू उभीय. सगळा धूर आमच्या स्वयंपाकघरात यायलाय.

बापू (बी-३०४): नाना, नमस्कार. एसीत गॅस भरायलोय. कॉम्प्रेसर फिरल्याशिवाय गॅस आत जात नाही. दहाच मिनिटं.

नाना: मागच्या रविवारीही दहाच मिनिटं होती.

सचिव: सर्वांनी सामंजस्याने घ्यावे ही विनंती.

बापू: परभणीत ४३ डिग्री आहे. काल दवाखान्यातून येताना आईचा पदर घामानं ओलाचिंब झालता, तरी ती काही बोलंना. मार्चात गॅस भरून घेतला, आता परत गरम हवा. किती वेळा पैसे घालायचे? म्हणून डबे मागवले.

मामा (सी-१०१): आता टाकीत पाणी पण बापूच भरतील, टँकर बंद करा.

वहिनी (ए-२०२): टँकरचा विषय निघालाच आहे तर, मे महिन्याचे नऊ घरांचे पैसे बाकी आहेत.

नाना: मुद्दा धुराचा आहे. इंजिन बंद करा.

दादा (सी-२०३): बापू, नाना म्हणतात ते आधी करा. बंदिस्त पार्किंगात कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वासही नसतो. गॅस किती भरला?

बापू: एक डबा पूर्ण, दुसरा अर्धा. ४५० ग्रॅमचे आहेत.

दादा: बॉनेटखाली स्टिकर बघा, कोणता गॅस अन् किती भरायचा ते लिहिलेलं असतं.

बापू: आर १३४ए, ४०० ग्रॅम.

दादा: अहो, अन् आधीचा आत होताच की! हा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, आतल्या आत फिरतो. कमी झाला तर कुठंतरी गळती असते, अन् जास्त झाला तर प्रेशर वाढून कॉम्प्रेसर बंद पडतो. एक सांगा, जिंतूर रोडला गाडी पळताना थंड लागतं?

बापू: पळताना बरं लागायचं. फाटकावर थांबलं की गरम.

दादा: मग पंखा बघा. गाडी पळताना कंडेन्सरला, म्हणजे गॅस थंड करणाऱ्या पुढच्या जाळीला, वारा लागतो, थांबल्यावर ते काम पंख्याचं. तो फिरंना झाला असंल.

नाना: इंजिन बंद झालं का ते कुणीच सांगंना.

बापू: बंद केलं नाना, मघाशीच. दादा, गाडीच्या बॅटरीची वायर काढून टॉर्च मारला. पंख्याची वायर कुरतडलीय, तांबं उघडं पडलंय.

मामा: उंदीर. जिन्याखाली ज्वारीचं पोतं कुणाचंय, सगळ्यांना माहीत आहे.

नाना: पारव्यांचं दाणापाणी आहे ते. बारा वर्षं टाकतोय. तेव्हा कुणाची वायर तुटली नाही. धुराचा मुद्दा बाजूला पडू नये.

वहिनी: नाना, पण उंदरांच्या लेंड्या आम्हीच झाडतो ना.

सचिव: वैयक्तिक बोलू नये.

बापू: म्हणजे मार्चातही पंखाच असंल, अन् त्यांनी गॅसचे पैसे घेतले. आता जास्तीचा गॅस पिन दाबून सोडून देऊ का?

दादा: नका! द्रव गॅस उणे २६ डिग्रीलाच उकळतो, हातावर उडाला तर कातडी गोठते. अन् हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपटीहून जास्त उष्णता धरतो. उद्या एसी बंद ठेवून मशीनवाल्याकडे न्या. आधी वायर जोडून घ्या. मग तो सगळा गॅस काढंल, अर्धा तास व्हॅक्यूम लावंल, म्हणजे आतली हवा ओढून काढंल, अन् वजनावर ४०० ग्रॅम भरंल. काटा डोळ्यांनी बघा. तो प्रेशरच्या डाव्या-उजव्या गेजवर अंदाजानं भरायला लागला तर गाडी परत आणा.

बापू: सकाळी आठला नेतो. गाडी गेटबाहेर ढकलून मगच चालू करतो.

वहिनी: बापू, नऊ घरांत तुमचंही आहे.

नाना: आईंना दुपारी आमच्याकडं बसवा, कूलर आहे. पोतं आत घेतो. पारव्यांचं पाणी मात्र तिथंच राहील.