सुलोचनाचा फोटो आणि ‘बोलपट आला, बाई संपली’

पूर्णाकाठची:
परभणीत फ्रेमवाल्याकडं काच बदलायला आलेला एक जुना फोटो बघायला मिळाला. मूकपटांची नायिका सुलोचना, म्हणजे रूबी मायर्स. आखूड कुरळे केस, कोरलेल्या भुवया, हनुवटी किंचित वर. फोटो तिरका धरला की काळ्या भागावर निळसर रुपेरी चमक येते. जुन्या प्रिंटमधली चांदी अशी वर येते. ग्रुपवर टाकला तर लगेच एकानं लिहिलं, ‘बोलपट आला, बाई संपली.’ हे मला साफ नामंजूर आहे.

1907 साली पुण्यात बगदादी ज्यू घरात जन्मलेली ही मुलगी टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीत दिग्दर्शक मोहन भवनानींनी तिला पडद्यावर आणलं, पुढं ती इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. 1927 च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’त एकटीनं आठ भूमिका केल्या. 1931 ला बोलपट आला. हिंदुस्तानी धड येत नव्हती, तर वर्षभर थांबून शिकली आणि 1932 ला स्वतःचाच मूकपट ‘माधुरी’ बोलता करून परत आली. ह्याला संपणं म्हणायचं?

जिंतूर नाका:
ताई, कळकळ समजली, पण नाण्याची एकच बाजू दाखवताय. तिचे गाजलेले बोलपट काढून बघा. ‘माधुरी’, ‘अनारकली’, ‘बंबई की बिल्ली’, तिन्ही तिच्याच मूकपटांवर बेतलेले. आधी जमवलेल्या पुण्याईवर चाललं तेवढं चाललं. 1940 नंतर दुय्यम भूमिका. उतरती कळा म्हणतात ती हीच.

आणि ‘तिला मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त पगार होता’ हे आता कुणी आणू नका. 1919 च्या कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला कमाल 1,28,000 रुपये, म्हणजे महिन्याला साडेदहा हजारांच्या वर. हिचा आकडा महिन्याला पाच हजार सांगतात. पुडी आहे ती.

पूर्णाकाठची:
पगाराचं मी काढलंच नव्हतं. पण पाच हजार हाच आकडा धरा. त्या काळी नोकरदार पुरुषांपैकी तरी कितीजणांना तेवढे मिळत होते?

उदगीरकर:
जिंतूर नाका भाऊ, एक गोष्ट तुम्ही सोडून देताय. मूकपटात पडद्यावर येणारी संवादाची पाटी दोन-तीन भाषांत असायची, थिएटरात कुणीतरी ती मोठ्यानं वाचून दाखवायचा. नायिकेची भाषा कोणती, ह्याचा प्रेक्षकाला काही फरकच पडत नव्हता. एका वर्षात सगळा खेळ उच्चारावर आला.

आपल्या भागाला हे वेगळं सांगायला नको. निजामाच्या राज्यात आपले आजे-पणजे घरी मराठी बोलायचे आणि शाळा-कचेरी उर्दूत करायचे. ज्यांनी उर्दूत वकिली केली, त्यांना निजामाचं राज्य गेल्यावर कागदांची भाषाच बदललेली दिसली. नाव झाल्यावर, लोक बघत असताना नव्या भाषेत तोंड उघडायचं, त्याला छाती लागते. तिनं ते केलं. त्यात पुण्याई बघायची की मेहनत?

देवगिरी:
तुम्ही सगळे न बघितलेल्या कामावर भांडताय. आपल्याकडं तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, हाती लागतात ते अगदी मोजके. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, उरलेली रिळं चांदी काढायला वितळवली गेली. त्या आठ भूमिकांत ती कशी होती हे कुणी ठरवायचं? फोटोतला चेहरा सुंदर आहे म्हणून अभिनय थोर धरायचा, हे मला पटत नाही. आणि जिंतूर नाका, तुमचं ‘पुण्याईवर चाललं’ हेही तितकंच हवेतलं आहे.

जिंतूर नाका:
हवेतलं कसं? 1928 आणि 1935 ला जी स्वतः अनारकली होती, ती 1953 च्या ‘अनारकली’त सलीमची आई आहे. ह्याला पुरावा अजून काय लागतो?

पूर्णाकाठची:
हाच पुरावा मी माझ्या बाजूला लावते. पंचवीस वर्षांनी त्याच गोष्टीत वयाला शोभेल ती भूमिका घेऊन ती सेटवर उभी होती. 1973 चा फाळके पुरस्कार तिला मिळाला आणि त्यानंतरही ती पडद्यावर दिसली. 1975 च्या ‘ज्युली’त आहे. नायिकापद गेलं, हे मान्य. पण बाईची कारकीर्द नायिकापदापाशीच मोजून थांबायची, हे कुणी ठरवलं? पुरुष नट वडिलांच्या भूमिकेत आला की त्याला आपण ‘चरित्र अभिनेता’ म्हणतो, ‘संपला’ म्हणत नाही.

जिंतूर नाका:
पुरुषांनाही म्हणतात, ताई. पण पुरस्काराच्या जोरावर 1940 नंतरची वर्षं भरून निघत नाहीत. माझं मत तेच आहे.