मदत हवी आहे: बाहेरच्या एजन्सीच्या कोर्सवर कॉलेजने लक्ष कसं ठेवायचं?

आमच्या कॉलेजात एक सर्टिफिकेट कोर्स बाहेरची एजन्सी चालवते, ट्रेनर त्यांचे, सिलॅबस त्यांचा, पण सर्टिफिकेटवर नाव कॉलेजचं. यंदा हे काम माझ्याकडे आलंय. करारासोबत ज्या ट्रेनरचा बायोडेटा जोडलाय ते दोन आठवडे आले आणि मग दर तासाला कोणीतरी नवीनच. परवा हजेरीपत्रक नीट बघितलं तर आठवडाभराच्या सह्या एकाच पेनाने, एकाच वळणाच्या. मुलांनी फी भरलीय हो, फार वाईट वाटतं.

एजन्सीला दोनदा मेल केला, "बघतो" एवढंच उत्तर. न सांगता वर्गात जाऊन बसलो, त्या दिवशी तास व्यवस्थित झाला, पण माझेही तास असतात, रोज जाणं शक्य नाही. फीडबॅक फॉर्म भरून घेतले पण ते एजन्सीच्याच माणसाने गोळा केले, त्यामुळे मुलं मोकळेपणाने लिहीत नाहीत.

करारात अर्धे पैसे सुरुवातीला, अर्धे शेवटी, तास किती झाले याचा उल्लेखच नाही, दंडाचं कलमही नाही. करार मध्येच तोडायचा नाहीये, मुलांचं सत्र वाया जाईल. प्राचार्य पाठीशी आहेत, पण वेगळा माणूस नेमायला बजेट नाही.

आता उरलेला हप्ता प्रत्यक्ष झालेल्या तासांशी आणि कॉलेजने स्वतः घेतलेल्या परीक्षेशी जोडायचा तर पुरवणी करारच करावा लागतो का दोघांच्या सहीचं पत्र चालतं? आणि ट्रेनर बदलण्याआधी आमची लेखी परवानगी घ्यायची, ही अट तुम्ही कुणी घातली असेल तर नेमक्या कोणत्या शब्दांत लिहिलीत?