शब्दचर्चा: जंत, जंतू, जीवाणू आणि एक '-मुळे'

पानकळा: गावोगावी वाटायच्या एका आरोग्यपत्रकाचं मराठी तपासतेय. विषय आहे आतड्यातले बॅक्टेरिया आणि पचनसंस्थेतल्या गाठी. पहिल्याच ओळीत 'आतड्यातील वनस्पती' निघाल्या! इंग्रजी 'गट फ्लोरा'च्या शब्दशः भाषांतराचा प्रताप. मी त्याचं 'पोटातले जंतू' केलं आणि आईला वाचायला दिलं. ती म्हणाली, "म्हणजे जंतांची गोळी घेतली की कॅन्सर टळतो का गं?" आता काय लिहू?

जुना पेन्शनर: वनस्पतींना फार हसू नका. एके काळी बॅक्टेरियांची गणना खरोखरच वनस्पतींत होत असे, 'फ्लोरा' हा त्या दिवसांचा उरलेला शब्द. अर्थात मराठीने ते ओझं वाहायचं कारण नाही.

आईंची शंका मात्र रास्त आहे. जंत म्हणजे कृमी, डोळ्यांना दिसणारे. 'जंतू' त्यांच्या इतका शेजारी राहतो की ऐकणारा घसरणारच. शिवाय 'जंतू' म्हटलं की पाठोपाठ 'नाशक' येतं, आणि आतड्यातली ही बहुतेक मंडळी तर निरुपद्रवी, उलट कामाची. 'जीवाणू' लिहा. फक्त 'विषाणू'शी गल्लत होऊ देऊ नका.

स्टेथो: डॉक्टर या नात्याने माझी तक्रार 'पोट'बद्दल आहे. पेशंट 'पोटाचा कॅन्सर' म्हणतो तेव्हा जठर, आतडं, यकृत, काहीही असू शकतं. पत्रकात हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू असेल तर तो जठरात राहतो, त्याला 'आतड्यातला' म्हणू नका. नावातच पत्ता आहे: 'पायलोरस' म्हणजे जठराचं खालचं दार, मूळ ग्रीक अर्थ द्वारपाल.

पानकळा: आहे ना, तोच पहिला आहे! वाक्य असं: 'या जीवाणूमुळे जठराचा कर्करोग होतो.' आणि पुढे: 'फ्युसोबॅक्टेरियममुळे मोठ्या आतड्याचा कर्करोग होतो.'

स्टेथो: थांबा, दोन्हीकडे '-मुळे' एकाच मापाचा नाही चालणार.

पायलोरीच्या बाबतीत तो कमावलेला आहे. 1982 साली ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांना हा जीवाणू वाढवता आला, तोही ईस्टरच्या सुट्टीत जीवाणू वाढवायच्या बशा नेहमीपेक्षा जास्त दिवस पडून राहिल्या म्हणून. 1984 मध्ये मार्शलनी तो स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला कर्ककारकांच्या पहिल्या, म्हणजे खात्रीच्या गटात टाकलं. 2005 ला दोघांना नोबेल. माझ्या मते सगळ्यांत बोलका पुरावा वेगळाच: जठरातल्या एका प्रकारच्या लिम्फोमात (पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरात), सुरुवातीच्या टप्प्यावर, नुसत्या प्रतिजैविकांनी जीवाणू घालवला तरी बऱ्याच जणांची गाठ विरते. तरीही 'होतो' नको, 'होऊ शकतो' लिहा. ज्यांच्या जठरात तो आहे त्यांतल्या बहुतेकांना कॅन्सर कधीच होत नाही.

फ्युसोबॅक्टेरियम मुळात तोंडात राहणारा. मोठ्या आतड्याच्या गाठींत तो भरपूर सापडतो, हे 2011–12 च्या सुमारास पुढे आलं. 2017 मध्ये यकृतात पसरलेल्या गाठींतही तो दिसला, आणि माणसाची गाठ रुजवलेल्या उंदरांना मेट्रोनिडाझोल हे प्रतिजैविक दिल्यावर तिची वाढ मंदावली. म्हणजे तो गाठीला खतपाणी घालत असावा. पण गाठ त्यानेच पेरली, की तयार गाठीत येऊन बिऱ्हाड केलं, हा वाद मिटलेला नाही.

जुना पेन्शनर: वा! आणि 'मुळे' हे 'मूळ'वरूनच आलेलं. मूळ सापडल्याशिवाय '-मुळे' लावू नये, एवढा नियम पुरे. फ्युसोबॅक्टेरियमसाठी 'आढळतो', 'हातभार लावत असावा' ही क्रियापदं बरी. 'संबंध आहे' टाळा, आपल्याकडे ते वाचणारा मनात '-मुळे'च वाचतो. (त्या नावातला 'फ्युसस' म्हणजे चाती. चातीसारखा दोन्ही टोकांना निमुळता.)

पानकळा: आणि ट्यूमरला 'अर्बुद' ठेवू का?

जुना पेन्शनर: शब्द सुश्रुतसंहितेतला, भारदस्त. पण अर्बुद म्हणजे दहा कोटीही, आणि अबूचा डोंगरही. पत्रकात 'गाठ'.

स्टेथो: 'गाठ'ला एक अडचण आहे. नातेवाईक पेशंटपासून लपवताना नेमकं हेच म्हणतात, "काही नाही, साधी गाठ आहे." म्हणून पहिल्यांदा 'कॅन्सरची गाठ' असं पूर्ण लिहा. आणि पॉलिपला (आतड्याच्या अस्तरावर उगवणाऱ्या छोट्या वाढीला) 'मोड' किंवा 'कोंब' करू नका, लोक मूळव्याध समजतील. पॉलिपच राहू द्या.

पानकळा: मग असं करते: 'जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूमुळे काही जणांना जठराचा कॅन्सर होऊ शकतो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरच्या गाठींत फ्युसोबॅक्टेरियम हा जीवाणू पुष्कळदा आढळतो. गाठ वाढायला तो हातभार लावत असावा.'

आईला वाचून दाखवलं. "हा तोंडातला ना? मग दात घासा असंही लिही," म्हणाली.

स्टेथो: लिहा की. फक्त 'त्यामुळे कॅन्सर टळतो' असं जोडू नका.