रंगावर भिस्त नको
अंगाचा हिरवा रंग माहीत असलेल्या प्रजातींशी जुळत नाही म्हणजे सिकाडाची (झाडांवर कर्कश आवाज करणाऱ्या कीटकाची) प्रजाती नवी, हे गणित पटत नाही. नमुना वाळला की हिरवा रंग बऱ्याचदा वाळक्या गवतासारखा पिवळट होतो. नुकतीच कात टाकलेली सिकाडा तर मुळातच फिकी असते. खरी ओळख नराच्या पोटाच्या टोकाशी. ते वेगळं करून, मऊ भाग विरघळावा म्हणून, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये रात्रभर ठेवायचं (जास्त वेळ राहिलं तर इतकं पारदर्शक होतं की कडाच दिसत नाहीत), धुऊन ग्लिसरीनमध्ये अंकस आणि एडिअॅगस या नराच्या जननेंद्रियाच्या भागांचा आकार बघायचा. मग छोट्या कुपीत घालून कुपी नमुना टोचलेल्या टाचणीलाच लावा, नाहीतर कुठलं टोक कुणाचं हा घोळ ठरलेला.

आणि आवाज ध्वनिमुद्रित करताना हवेचं तापमान लिहाच. उष्णतेबरोबर आवाजातल्या स्पंदांचा वेग बदलतो, त्यामुळे एकाच प्रजातीच्या दोन वाटू शकतात.