मालिकेआधीचं ते एक मिनिट : तुमचे अनुभव सांगा

गेल्या रविवारी नऊ वर्षांच्या लेकीबरोबर एक वेबमालिका बघत होते. नावं यायला लागली तशी तिने बटण दाबून ती पुढे ढकलली. "शीर्षकगीत ऐकायचं नव्हतं का?" मी विचारलं. "त्यात काही नसतं गं आई," ती म्हणाली. पुढच्या भागाला मी बटण दाबू दिलं नाही. खरंच काही नव्हतं. एक घुमणारा आवाज, वर एक ठोका, संपलं.

मला माझी आई आठवली. 1999 साली अल्फा मराठीवर (आताची झी मराठी) 'आभाळमाया' सुरू झाली तेव्हा आम्ही डोंबिवलीत होतो. अशोक पत्कींची चाल, मंगेश कुलकर्णींचे शब्द आणि देवकी पंडितांचा आवाज. पहिला सूर लागला की आई कणकेचे हात तसेच घेऊन स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. गाणं संपलं की परत आत. मालिका तिने कितीतरी दिवस पाहिलीच नाही. लग्नाआधी ती 'प्रवेशिका पूर्ण' या परीक्षेपर्यंत गाणं शिकली होती आणि नंतर ते सुटलं. दिवसाकाठी तिच्या वाट्याला एवढंच गाणं यायचं, आणि तेही कुणी मुद्दाम लावलेलं नसायचं.

म्हणून हा धागा. कुठली धून, तेव्हा घरात कोण होतं, त्या मिनिटात काय व्हायचं, ते लिहा. शीर्षकगीतं का आटली याबद्दल आतली माहिती असेल तर तीही लिहा.

*

बेळगाव

आमच्या वाड्यात मराठी आणि कानडी बिऱ्हाडं शेजारी शेजारी होती. टीव्ही एकच, तोही कानडी काकूंकडे. 'मालगुडी डेज' लागलं की एल. वैद्यनाथन यांची ती 'ताना ना ना' सगळ्या वाड्यात घुमायची. शब्दच नव्हते, त्यामुळे ती कुणा एका भाषेची नव्हती. आम्हा पोरांनी तिची शीळ केली. खाली ये म्हणायचं असलं की खिडकीखाली उभं राहून ती शीळ घालायची. आता पन्नाशी उलटली आहे. मागच्या वर्षी एका लग्नात कुणीतरी पाठीमागून ती शीळ घातली आणि मी मागे न बघताच त्याचं नाव घेतलं.

*

मुंबई, तालवादक

मी साइड ऱ्हिदमवाला. ढोलकी, खंजिरी, घुंगरू, मंजिरी, जे लागेल ते. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून बरीच वर्षं मालिकांची टायटलं वाजवली.

सुरुवातीला टायटलचं रेकॉर्डिंग म्हणजे जवळजवळ सिनेमाच्या गाण्यासारखंच काम असायचं. अ‍ॅरेंजर, म्हणजे कोणतं वाद्य कुठे वाजेल ते ठरवणारे, नोटेशन लिहून आणायचे. बासरी, सतार, चार-सहा व्हायोलिनं, तबला, आम्ही साइडवाले. गायिका आत काचेच्या खोलीत. आधी संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवायचे आणि मालिका कशाबद्दल आहे ते सांगायचे. हे महत्त्वाचं होतं. "ही बाई एकटी आहे, पण रडकी नाही," एवढं एक वाक्य ऐकलं की हात आपोआप वेगळा पडतो. मुखडा, मधला छोटा पीस, एक अंतरा, परत मुखडा. साधारण सव्वा ते दीड मिनिट. एवढ्यात गाणं उभं राहतं, ही कसब असलेली माणसं होती. पत्कीसाहेबांसारखे लोक जाहिरातींच्या जिंगल्स करून आलेले. थोडक्या सेकंदांत चाल कानात कशी बसवायची हे त्यांच्या हाडीमाशी होतं.

मग व्हायोलिनं गेली, कीबोर्डवर वाजायला लागली. मग सतार गेली. तबल्याचे तयार तुकडे कॉम्प्युटरवर लावायला लागले. बासरी मात्र बरीच वर्षं टिकली. बासरीतला श्वास यंत्रातून नीट येत नाही, म्हणून ट्रॅक तयार करून वर एकटा बासरीवाला बोलवायचे. आणि या सगळ्याच्या जोडीला लांबी कमी होत गेली. दीडचं एक झालं, एकाचं चाळीस सेकंद. शेवटी एकदा मला सांगण्यात आलं, दहा सेकंद हवेत, आणि "गाणं नको, साउंड द्या."

दहा सेकंदांत ठेका धरून होत नाही तोवर संपतं. मध्य लयीत सोळा मात्रांच्या त्रितालाची दोन आवर्तनंसुद्धा त्यात मावत नाहीत. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते, पण तिची वाट बघायला लावायला वेळच मिळत नाही. आणि आमच्या कलेत ऐकणाऱ्याला समेची वाट बघायला लावणं हेच तर सगळं आहे.

आता घरी मुलांना तबला शिकवतो.

*

लंडन

आमच्या घरी सध्याच्या मालिका लागत नाहीत, पण जुनी शीर्षकगीतं लागतात. दोन्ही मुली इथे जन्मल्या. 'वादळवाट'चं गाणं त्यांना पाठ आहे, मालिका त्यांनी कधी पाहिली नाही. धाकटीने एकदा त्यातल्या एका शब्दाचा अर्थ विचारला आणि मला तो सांगता आला नाही. आईला फोन लावला. अर्धा तास त्यावर बोलणं झालं.

*

पुणे, एका वाहिनीत संकलक होतो

तालवादक दादांनी लिहिलंय ते दुसऱ्या बाजूने सांगतो. ती कात्री माझ्या हातात होती.

अर्ध्या तासाच्या मालिकेत प्रत्यक्ष गोष्ट साधारण बावीस मिनिटांची असते. बाकी जाहिराती आणि वाहिनीच्या स्वतःच्या झलका. नियमाने तासाला जाहिरातींची दहा मिनिटं आणि स्वतःच्या प्रसिद्धीची दोन. त्या बावीस मिनिटांतून आदल्या भागाचा गोषवारा आणि उद्याच्या भागाची झलक वजा करा. उरलेल्यात दीड मिनिट गाण्याला द्यायचं, तेही आठवड्यातून सहा दिवस, हे लेखाशाखेला पटवणं अवघड होतं.

पण खरं कारण वेगळं होतं. प्रेक्षकसंख्येचे आकडे मिनिटामिनिटाचे यायला लागले. शीर्षकगीत सुरू झालं की आलेख खाली जायचा, कारण रिमोट हातात होता आणि लोक दुसरीकडे काय चाललंय ते बघून यायचे. त्यातले काही परत यायचे नाहीत. मग ठरलं की आधीची मालिका संपली की मध्ये श्वास घ्यायलाही जागा ठेवायची नाही, थेट प्रसंग सुरू करायचा. गाणं आधी पहिल्या ब्रेकच्या तोंडाशी गेलं, मग फक्त सोमवारी, मग फक्त नवी मालिका येताना जाहिरातीपुरतं.

मला अजून लागून राहिलेली गोष्ट म्हणजे गाणी पूर्ण रेकॉर्ड झालेली असायची. दोन अंतरे असलेली सुंदर गाणी. मी त्यांचे दहा सेकंद काढायचो. कवीने ज्या ओळीपर्यंत येण्यासाठी आधीच्या तीन ओळी लिहिल्या, तीच ओळ कधी ऐकवली गेली नाही.

*

नागपूर, टेलिफोन ऑपरेटर

मी जन्मापासून अंध आहे. तुम्ही सगळे आठवणींबद्दल लिहिताय, मी आजच्या अडचणीबद्दल लिहिते.

डोळसांना पडद्यावर नाव दिसतं. मला शीर्षकगीत हेच नाव होतं. वहिनीने वाहिनी बदलली तर दोन स्वरांत मला कळायचं की आता कुठल्या घरात आलो. लहानपणी दूरदर्शनची ती मंद उगवणारी धून, पंडित रविशंकर आणि उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची, सुरू झाली की शहनाईच्या सुरावरूनच कळायचं की टीव्ही लागला. बातम्यांची धून वेगळी, 'सुरभि'ची वेगळी. मालिकेच्या आतही प्रत्येक माणसाला आपली सुरावट असायची. खलनायिका न बोलता खोलीत आली तरी मला समजायचं.

आता मालिका थेट भांडणापासून सुरू होते. सगळीकडे तेच ढोल, तीच दचकवणारी 'ढॅण'. तीन वेळा ढॅण झालं म्हणजे तिघांचे चेहरे दाखवले हे मला कळतं, पण कोणाचे ते कळत नाही. कोणती मालिका चालू आहे हे मला शेजारच्याला विचारावं लागतं. पूर्वी मी त्यांना सांगायचे.

*

वाई, संस्कृत शिकवत असे

दोनच गोष्टी लिहितो. 1988 साली श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' सुरू झाली. 53 भाग, आणि प्रत्येकाच्या आरंभी ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त. संगीत वनराज भाटिया यांचं, हिंदी रूप आपल्या वसंत देवांचं. सृष्टीच्या आधी काय होतं हा प्रश्न विचारून, ज्याने ती केली त्यालाही ठाऊक असेल की नसेल इथपर्यंत येणारं हे सूक्त. ते रविवारी सकाळी चहाबरोबर घराघरांत ऐकू यायचं. वर्गात मी ते सूक्त शिकवायला घेतलं तेव्हा मुलं चालीसकट म्हणायला लागली. त्या वर्षी मला पाठांतर घ्यावं लागलं नाही.

दुसरी गोष्ट. वडील गेले तेव्हा धाकट्या भावाने, ज्याचा संस्कृतशी काही संबंध नाही, विचारलं, "ते टीव्हीवरचं म्हणशील का?" मी म्हटलं.

*

नाशिक, वय 24

थोडं वेगळं मत मांडते. सगळं संपलं असं नाही. 2020 च्या 'स्कॅम 1992'ची अचिंत ठक्कर यांची धून आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या फोनवर होती. तिच्यात शब्द नाहीत आणि ती छोटी आहे, पण एका स्वरात ओळखू येते. नेटफ्लिक्सने सुरुवात वगळायचं बटण 2017 मध्ये आणलं, आम्ही ते वापरतो हे खरं. पण त्या धूनला आमच्यापैकी कुणी ते दाबत नव्हतं. धून चांगली असेल तर आम्ही थांबतो. आम्हाला थांबावंसं वाटेल असं कुणी देत नाही, ही आमचीही तक्रार आहे.

*

नागपूर, पुन्हा

तालवादक दादा, तुम्हाला एक विचारायचं होतं. खूप वर्षांपूर्वीच्या एका कौटुंबिक मालिकेच्या गाण्यात शब्द सुरू व्हायच्या अगदी आधी एक बारीक किणकिण यायची, एकदाच. घरात सगळे म्हणायचे ते घुंगरू. मला ते कधी पटलं नाही.

*

मुंबई, तालवादक

ताई, मालिकेचं नाव तुम्ही निरोपात कळवलंत. ते मीच वाजवलं होतं. घुंगरू नव्हते. घुंगरू फार मोठे वाटत होते, म्हणून गायिकेच्याच हातातल्या दोन काचेच्या बांगड्या मागून घेतल्या आणि माइकजवळ एकमेकींवर टेकवल्या. पंचवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं.