रिंगण लसीकरण: पथके किती आणि दिवस किती?

प्रश्न (दूध संस्थेचा सचिव, डिचोली)
लम्पी त्वचारोग शेजारच्या तालुक्यात आढळल्यास आमच्या संस्थेने लसीकरणाला मनुष्यबळाची मदत कशी करावी, याचा आराखडा आम्ही पावसाळ्यापूर्वी तयार करीत आहोत. बाधित गावाभोवतीच्या पाच किलोमीटरच्या रिंगणात लस देण्याजोगी २,४०० गुरे आहेत आणि एक पथक दिवसाला १०० गुरांना लस देते, असे धरल्यास चार पथकांचे काम सहा दिवसांत आटोपते. हा हिशेब व्यवहारात टिकेल का?

उत्तर १ (निवृत्त पशुवैद्यकीय अधिकारी, फोंडा)
सचिवमहोदय, आपला गुणाकार बरोबर आहे, पण १०० हा आकडा एकाच आवारात दावणीला बांधलेल्या गुरांचा आहे. आपल्याकडे एका वाड्यावर दोन गाई, पुढच्या वाड्यावर पाच आणि मध्ये कुळागराची (सुपारीच्या बागेची) पायवाट, अशी स्थिती असते. सुई टोचायला काही सेकंद पुरतात. वेळ जातो तो जनावर धरण्यात, कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक वाचून नोंदविण्यात आणि पुढच्या गोठ्यापर्यंत पोहोचण्यात. म्हणून दिवसाला ६० गुरे धरा. मग ४० पथकदिवस लागतात, म्हणजे चार पथकांना दहा दिवस. सहा दिवसांतच संपवायचे असेल तर सात पथके हवीत. घाई अशासाठी की लस टोचल्यावर पुरेशी प्रतिकारशक्ती येण्यास साधारण तीन आठवडे जातात, आणि तेवढ्या अवधीत गोमाश्या व गोचीड स्वस्थ बसत नाहीत.

संस्थेने पशुवैद्यक शोधत बसू नये, ते शासनाकडून येतील. आपण गुरे धरणारे दोन धडधाकट माणसे, नोंदी करणारा एक आणि रस्ते ठाऊक असलेला चालक प्रत्येक पथकाला द्यावा. एखादा माणूस आजारी पडणारच, त्यामुळे सातांखेरीज एक राखीव पथक तयार ठेवावे. काम रिंगणाच्या बाहेरच्या कडेपासून आत सरकत जावे. बाधित गोठ्यात गेलेल्या माणसांनी त्याच दिवशी निरोगी गोठ्यात जाऊ नये, आणि आजारी गुरांना लस टोचू नये. प्रत्येक गुराला नवी सुई वापरावी, कारण हा रोग एकाच सुईनेही एका गुरापासून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. सुया २,४०० पेक्षा जास्तच मागवाव्यात.

उत्तर २ (पशुवैद्यकीय सहाय्यक, काणकोण)
डॉक्टरांच्या हिशेबात मी लसीच्या कुपीची भर घालते. २०२२ मध्ये देशात लम्पी पसरली तेव्हा गुरांना शेळ्यांच्या देवीची लस देण्यात आली. ती सजीव लस असते, कोरड्या भुकटीच्या रूपात येते, आणि द्रावणात मिसळल्यानंतर लेबलवर सांगितलेल्या वेळेत, बहुधा दोन तासांत, संपवावी लागते. विखुरलेल्या वाड्यांवर कुपी फोडली आणि तेवढ्या वेळात गुरे हाती आली नाहीत, तर उरलेली लस टाकूनच द्यावी लागते. त्यामुळे दिवसाचा मार्ग गावांच्या यादीवरून न आखता, एका कुपीत आवरतील एवढ्या गुरांचे गट करून आखावा. दूध संकलन केंद्राजवळ गुरे अडकवून धरण्यासाठी एखादा लाकडी खोडा उभारून सकाळी सात ते नऊ या वेळेत गुरे आणवली, तर निम्मे काम तिथेच होते, मात्र रोग पसरत असताना गुरे एकत्र करणे धोक्याचे असल्याने ही सोय रिंगणाच्या बाहेरच्या भागापुरतीच ठेवावी. शीतपेटीतील तापमान दोन ते आठ अंशांदरम्यान राहते का, हे पाहण्याची जबाबदारी एकाच माणसावर सोपवावी. दुपारी बर्फ बदलण्याचे ठिकाण आधीच ठरवावे, अन्यथा पथक त्यासाठीच परत फिरते.

उत्तर ३ (गोपालक, सत्तरी)
आमच्याकडील गुरे सकाळी दहापर्यंत रानात निघून जातात आणि दिवेलागणीला परततात. नऊ ते पाच अशी कार्यालयीन वेळ ठेवलीत, तर रिकामे गोठेच दिसतील. पहाटे दूध काढून झाल्यावर एक फेरी आणि संध्याकाळी दुसरी, मध्ये विश्रांती, असे करावे. आदल्या दिवशी पंच सदस्यांकरवी निरोप गेला तर धनी गुरे बांधून ठेवतो. चवथीचे (गणेशचतुर्थीचे) दिवस पूर्ण वगळावेत, कारण त्या वेळी कोणी माणूस सोडणार नाही. रस्त्यावरील मोकाट गुरांना मात्र धनीच नसतो, त्यांच्यासाठी दोर व जाळी असलेले वेगळे पथक लागेल.

सचिवांचे प्रत्युत्तर
आभारी आहे. सात पथके आम्हांला जमणार नाहीत, पाच जमतील. म्हणजे आठ दिवस. पहिल्या फेरीत चुकलेल्या गुरांसाठी आणखी किती दिवस राखून ठेवावेत?

उत्तर १ (पुन्हा)
दोन दिवस ठेवा, आणि पहिल्या फेरीच्या प्रत्येक संध्याकाळी चुकलेल्या गोठ्यांची यादी त्याच चालकाच्या हाती द्या. रिंगणातील किमान ८० टक्के गुरांना लस मिळणे आवश्यक मानले जाते, परंतु ती टक्केवारी वाड्यानुसार तपासा. एकूण आकडा चांगला दिसला तरी एखादा अख्खा वाडा सुटलेला असू शकतो.