मदत हवी आहे: गिटारला नॉइज गेट लावला की सूर मध्येच तुटतो, कॉम्प्रेसर नेमका कुठे जोडावा?

नमस्कार मंडळी. मालवणात ऑर्केस्ट्राच्या तालमीसाठी जोडणी अशी आहे: सिंगल कॉइल गिटार (एका कॉइलचा पिकअप, म्हणजे तारांची कंपनं टिपणारा भाग असलेली), कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातलं अंतर कमी करणारा), डिस्टॉर्शन (सूर खरखरीत करणारा), नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा), मग अँप. कॉम्प्रेसर ४:१, अटॅक (आवाज दाबायला घेतलेला वेळ) ३० मिलिसेकंद. गेटचा थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली तो मिटतो) उणे ५० डीबी, रिलीज (मिटायला घेतलेला वेळ) १०० मिलिसेकंद.

थ्रेशोल्ड खाली आणला तर गिटारची घरघर गेटमधून सुटते. वर नेला तर लांब ओढलेला सूर विरण्याआधीच कापला जातो. कॉम्प्रेसर आणि डिस्टॉर्शन दोन्ही सूर आणि घरघर यांतलं अंतर कमी करतात, मग गेटला फरक कळणार कसा? म्हणून सेंड-रिटर्नवाला गेट (ज्याच्या लूपमध्ये, म्हणजे सिग्नल बाहेर जाऊन परत येतो त्या वाटेत, दुसरं पेडल लावता येतं) घेऊन डिस्टॉर्शन त्याच्या लूपमध्ये टाकायचा विचार आहे, म्हणजे गेट थेट गिटारचा सिग्नल ऐकून उघडेल-मिटेल. पण कॉम्प्रेसर गेटच्या इनपुटआधी ठेवावा, की लूपमध्ये डिस्टॉर्शनच्या आधी? मला लूपच बरा वाटतो. आणि रिलीज ३०० पर्यंत नेला तर पाम म्यूट (तळव्याने तारा दाबून वाजवलेले तुटक सूर) घट्ट राहतील का?

तारांना हात लावून घरघर बदलत नाही, गिटार फिरवली की बदलते; म्हणजे ती पिकअपचीच, अर्थिंगची नव्हे. खाऱ्या हवेने गंजत आलेले जॅक कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ केले आहेत. ज्यांनी दोन्ही जोडण्या वाजवून पाहिल्यात, त्यांनी कृपया आकड्यांसह सांगा.